टोर्नेडो शेल्टरमध्ये बूट कोणते ठेवावेत? लहानपणीचे जपलेले स्नीकर्स चालतील का? (ओक्लाहोमा)

शर्वरी_नॉर्मन

नमस्कार. आमच्या गराजच्या फरशीखाली टोर्नेडो शेल्टर आहे. सरकत्या झाकणाचं, आतून सहा फूट बाय चार फूट. माणसं सहा: आम्ही दोघं, सासू-सासरे, मुलगी आठ वर्षांची आणि मुलगा पाच वर्षांचा. टॉर्च, पाणी, कागदपत्रं यांची सोय झाली आहे. बूट राहिलेत आणि तिथेच घोडं अडलंय.

सासऱ्यांनी तुलसाचं घर सोडलं तेव्हा तिथल्या अ‍ॅटिकमधून नवऱ्याच्या आणि नणंदेच्या लहानपणीच्या बुटांची खोकी आमच्याकडे आली. कॅनव्हासचे कॉन्व्हर्स हाय-टॉप, बाजूला चेनचा कप्पा असलेले कांगारूज (एका कप्प्यात क्वार्टरचं नाणं अजून आहे), १९८९ चे एअर जॉर्डन ४, रिबॉक पंप, आणि टाच आपटली की लाल दिवा लागणारे एलए गिअर. दिवेवाला जोड मुलीला आज अगदी बरोबर बसतो, कांगारूज मुलाला थोडे मोठे होतात. सगळे दिसायला धडधाकट आहेत. ते टाकायला नवऱ्याचं मन होत नाही, आणि खरं सांगायचं तर माझंही.

प्रश्न असे:
१. हे बूट शेल्टरमध्ये ठेवले तर चालतील का? वर्षातून एखाद-दोनदाच घालायची वेळ येईल.
२. चालणार नसतील तर ते टिकावेत म्हणून कुठे आणि कसे ठेवायचे? शेल्टरमध्येच खोकी ठेवली तर वादळातूनही वाचतील असं वाटतं.
३. मुलांचे पाय वाढतात, त्यांच्या बुटांचं काय करायचं?

---

अनिकेत_मूर

शर्वरीताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर नाही. जुन्या बुटांचं आत काय होतं ते इथले जाणकार सांगतीलच, मी वापराची बाजू सांगतो.

शेल्टरमध्ये बसण्यासाठी बूट लागत नाहीत, झाकण उघडून बाहेर पडल्यावर लागतात. टोर्नेडो गेल्यावर जमिनीवर असतात खिळे वर आलेल्या फळ्या, काचा, छपराचे पत्रे, वायरी आणि भिजलेलं इन्सुलेशन. घराच्या चौकटीत ठोकतात तो १६डी खिळा साडेतीन इंच लांब असतो. गाडी बहुधा चालवण्याजोगी राहत नाही आणि रस्ता ढिगाऱ्याने बंद असतो. २० मे २०१३ ला मूरमधून गेलेल्या ईएफ-५ (तीव्रतेची सगळ्यात वरची श्रेणी) टोर्नेडोचा पट्टा सुमारे १४ मैल लांब आणि काही ठिकाणी मैलभर रुंद होता. अशा पट्ट्याच्या मधोमध घर असेल तर मोकळ्या रस्त्यापर्यंत अर्धा मैल पायीच जावं लागतं, तेही मूल कडेवर घेऊन.

आता आपल्या घरांतली खरी अडचण. आपण बूट दाराशी काढतो, घरात अनवाणी असतो. सायरन झाला की सगळे अनवाणी धावतात आणि बूट राहतात रॅकवर. शेल्टरमध्ये वेगळे जोड ठेवायचे ते यासाठीच. पण तेवढ्यावर थांबू नका. टोर्नेडो वॉच लागला की घरातल्या प्रत्येकाने मोजे-बूट घालायचे, आणि वॉच संपेपर्यंत घरातही काढायचे नाहीत. फरशी नंतर पुसता येते.

वॉच आणि वॉर्निंग यांत गल्लत होते म्हणून सांगतो. वॉच तुमच्याच नॉर्मनमधलं स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर काढतं. तो अनेक काउंट्यांसाठी आणि काही तासांसाठी असतो. वॉर्निंग राष्ट्रीय हवामान सेवेचं स्थानिक कार्यालय काढतं, नकाशावरच्या एका बहुभुजापुरती, साधारण अर्ध्या-पाऊण तासासाठी. वॉर्निंग आल्यानंतर हातात दहा मिनिटं असतील किंवा दोनच असतील. तेवढ्यात पाच वर्षांच्या मुलाच्या लेस बांधत बसणं शक्य नाही. बुटांचं काम वॉचमध्येच उरकायचं.

टोर्नेडो बहुतेक वेळा दुपारी ४ ते रात्री ९ या वेळात होतात, पण रात्रीचेही होतात. रात्रीचा धोका सांगितला असेल त्या दिवशी प्रत्येकाच्या पलंगाखाली उशीच्या बाजूला बूट, बुटात मोजे आणि एका बुटात छोटा टॉर्च ठेवा.

सायरनवर विसंबू नका. तो घराबाहेर असलेल्यांना सावध करण्यासाठी असतो. बंद खिडक्या, एसी आणि गारांचा आवाज यात तो झोपलेल्या माणसाला ऐकू येईलच असं नाही. धोका टळल्याचा वेगळा सायरन नसतो. तो थांबून पुन्हा वाजला तर धोका अजून आहे असंच समजायचं. ओक्लाहोमा सिटीत आणि आसपास शनिवारी दुपारी १२ ला चाचणी होते, हवा बिघडलेली असेल तर ती रद्द करतात.

घरात वेदर रेडिओ हवाच. त्यात काउंटीचा सहा अंकी कोड भरला की फक्त तुमच्या काउंटीच्या इशाऱ्याला तो वाजतो. नॉर्मन क्लीव्हलँड काउंटीत येतं: ०४००२७. शेजारची ओक्लाहोमा काउंटी ०४०१०९, कॅनेडियन काउंटी ०४००१७. वादळं बहुधा नैऋत्येकडून किंवा पश्चिमेकडून येतात, म्हणून पश्चिमेची एखादी काउंटी भरून ठेवली तर थोडा आधी अंदाज येतो, पण चार-पाच भरल्या तर रेडिओ रात्रभर वाजत राहतो आणि लोक कंटाळून तो बंद करून टाकतात. एखादी पुरे. रेडिओत बॅकअपचे सेल घाला, कारण वीज बहुतेक वेळा टोर्नेडोच्या आधीच जाते.

---

बूटपेटी

शर्वरी, तुमच्या यादीतला प्रत्येक जोड वेगळ्या पद्धतीने जुना होतो, त्यामुळे सगळ्यांना एक नियम लावता येत नाही.

एअर जॉर्डन ४. सगळ्यात फसवा जोड हाच. वरचं चामडं चकचकीत, खालचं रबर शाबूत आणि मधला पॉलियुरेथेन फोमचा थर, म्हणजे मिडसोल, आतून संपलेला. पॉलियुरेथेन हवेतली वाफ शोषतं. पाणी त्याच्या रेणूंच्या साखळीतले एस्टर-बंध तोडतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि त्या आम्लामुळे पुढची तोडफोड आणखी वेगाने होते. याला हायड्रॉलिसिस म्हणतात. बूट घातलेला असो वा खोक्यात असो, ही क्रिया चालूच राहते. उलट अधूनमधून वापरलेला बूट बंद खोक्यातल्या बुटापेक्षा जास्त टिकल्याचं दिसतं, कारण चालताना फोम दाबला जातो आणि त्यातला ओलावा बाहेर पडतो. अशा मिडसोलचं आयुष्य साधारण १० ते २० वर्षं. तुमचा जोड पस्तिशी ओलांडून गेलाय. पाय घालून उभं राहिलं तर काही होणार नाही, पण दहा-वीस पावलांत टाच चुरा होऊन निघेल. ढिगाऱ्यात असं झालं तर माणूस अनवाणीच झाला की.

घालून पाहू नका, पण तपासता येतं. अंगठ्याने मिडसोल हळूच दाबा. रंगाच्या थराखाली करकर झाली, बारीक भेग पडली, बोटाला चिकटपणा किंवा पिवळसर पूड लागली तर तो गेला. जिभेच्या किंवा आतल्या लेबलवर बनवल्याची तारीखही बघा. जॉर्डन ४ पुढे १९९९ आणि २०१२ मध्ये पुन्हा काढले होते. लेबल १९९९ चं निघालं तरी मिडसोलबद्दल उत्तर तेच राहील.

भेगांत गोंद भरून हा मिडसोल दुरुस्त होत नाही. चिकटवायला घट्ट पृष्ठभागच उरलेला नसतो. एकच उपाय आहे: नंतर काढलेल्या त्याच मॉडेलचा नवा सोल काढून जुन्या वरच्या भागाला लावणं. ते काम जाणत्या कारागिराचं आहे.

कॉन्व्हर्स. कॅनव्हास आणि व्हल्कनाइज केलेलं रबर. हे अचानक चुरा होत नाहीत. रबर कडक होतं आणि बोटं वाकतात तिथे तडकतं, कडेची रबरी पट्टी सुटते. पट्टी सुटली असेल तर दोन्ही बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, कॉन्टॅक्ट सिमेंटचे दोन पातळ थर द्या, दहा-पंधरा मिनिटं थांबून बोटाला चिकटेल पण लागणार नाही इतपत वाळलं की दाबून बसवा आणि रात्रभर दोरीने बांधून ठेवा. जाड एकच थर दिला तर आतला ओला राहतो आणि पट्टी आठवड्यात पुन्हा सुटते. कपाटात ठेवायला तेवढं पुरे. ढिगाऱ्यात चालायला हे बूट नवे असले तरी योग्य नाहीत, सोल फार पातळ असतो.

कांगारूज. १९७९ पासूनचा ब्रँड, कप्पा हीच त्याची ओळख. जुन्या जोडांत फोम, कृत्रिम चामडं, सुएड यांची मिसळ असते. कृत्रिम चामड्याचा वरचा थर पापुद्र्यांनी सुटतो. ते नाणं मात्र काढून कागदी पाकिटात ठेवा. धातू आणि ओलावा एकत्र आले की आतल्या कापडावर हिरवट डाग पडतो. हा जोड मुलाला खेळायलाही देऊ नका, सोल निसटला तर पाय मुरगळेल.

रिबॉक पंप. १९८९ साली आले. जिभेवरचा चेंडू दाबला की घोट्याभोवती हवा भरायची, शाळेच्या मैदानावर दहा मुलं तो एकच चेंडू दाबायला रांगेत उभी राहायची असा तो काळ. आतली हवेची पिशवी आता कडक झाली असेल. चेंडू दाबून बघू नका, चीर गेली की ती कायमची.

एलए गिअर. याबद्दल वेगळं लिहावं लागेल, ते खाली लिहितो. तोवर मुलीला घालू देऊ नका आणि टाच उघडू नका.

आता कुठे ठेवायचे. अ‍ॅटिक सगळ्यात वाईट: ओक्लाहोमाच्या उन्हाळ्यात तिथलं तापमान ५० अंश सेल्सियसच्या वर जातं, आणि उष्णता वाढली की हायड्रॉलिसिसचा वेग वाढतो. दुसऱ्या क्रमांकावर तुमचं शेल्टर. जमिनीखालची बंद जागा दमट असते, पावसाळी आठवड्यात भिंतींना घाम येतो. टोर्नेडोपासून वाचवायला म्हणून तिथे ठेवलेले बूट ओलाव्याने जातील.

योग्य जागा म्हणजे एसीच्या हवेतलं, बाहेरच्या भिंतीला न लागलेलं कपाट. तापमान १८ ते २२ अंश, आर्द्रता ४० ते ५० टक्के. सिलिका जेलच्या पुड्या भरभरून टाकू नका, आर्द्रता ३० च्या खाली गेली की चामडं तडकतं. छोटं आर्द्रतामापक कपाटात ठेवलं की अंदाज राहतो. आत आम्लविरहित टिश्यू भरा, वर्तमानपत्र नको, त्याची शाई आणि आम्ल कापडात उतरतात. मिडसोल चिकट झाला असेल तर त्याखाली बेकिंगचा कागद घाला, नाहीतर तो खोक्याच्या छापील पुठ्ठ्याला चिकटून बसेल. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करू नका, सुटणारं आम्ल आतच कोंडतं. चुरा व्हायला लागलेला जोड बाकीच्यांपासून वेगळा ठेवा.

---

वैशाली_विचिटा

सोल पातळ असण्यापलीकडे स्नीकरचा एक धोका आहे, तो फार कमी लोकांना ठाऊक असतो.

खिळा स्नीकरच्या सोलमधून पायात गेला तर त्या जखमेत स्यूडोमोनास नावाचे जिवाणू जाऊ शकतात. स्नीकरच्या आतला फोम घामाने दमट राहतो आणि हे जिवाणू तिथे वाढतात. खिळा जाताना फोमचा आणि मोज्याचा तुकडाही जखमेत ढकलतो. मुलांमध्ये अशा जखमेनंतर पायाच्या हाडाला जंतुसंसर्ग झाल्याची, आणि तेच जिवाणू त्यांच्या बुटांच्या फोममध्ये सापडल्याची नोंद १९८० च्या दशकापासून वैद्यकीय साहित्यात आहे. त्रास देणारी गोष्ट अशी की जखमेसाठी सहज दिली जाणारी सेफालेक्सिनसारखी अँटिबायोटिक्स यावर काम करत नाहीत. म्हणून डॉक्टरांना नुसतं 'खिळा लागला' सांगू नका, 'बुटाच्या सोलमधून खिळा गेला' असं सांगा.

खिळा लागल्यास:

बूट-मोजा काढा. जखम वाहत्या स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा, शेल्टरमधलं बाटलीचं पाणी इथे वापरा. आत टोचून काही शोधू नका. सैल, कोरडी पट्टी बांधा, घट्ट चिकटपट्टीने भोक बंद करू नका. बूट टाकून न देता सोबत न्या, सोलचा तुकडा तुटून आत राहिलाय का ते डॉक्टरांना त्यावरून कळतं. धनुर्वाताच्या लसीला मळक्या जखमेसाठी ५ वर्षांहून जास्त काळ झाला असेल तर बूस्टर लागतो. (१० वर्षांचा हिशेब स्वच्छ, किरकोळ जखमांसाठी.) सहाही जणांच्या शेवटच्या डोसची तारीख एका कार्डावर लिहून शेल्टरमध्ये ठेवा, गोंधळात ती कुणाला आठवत नाही. दोन-चार दिवसांत दुखणं कमी होऊन पुन्हा वाढलं, टाच सुजली किंवा मूल त्या पायावर भार टाकेना, तर लगेच परत दाखवा. ताप नसला तरी.

टोर्नेडोच्या जखमा साध्या नसतात. मिसूरीतल्या जॉप्लिनला २२ मे २०११ च्या टोर्नेडोनंतर १३ जखमींना म्युकरमायकोसिस या बुरशीचा संसर्ग झाला आणि त्यातले ५ जण दगावले. वाऱ्याने माती आणि लाकडाचे कण मांसात खोल गेले होते. भरून येत असलेल्या जखमेभोवतीची त्वचा काळी पडायला लागली तर ते रुग्णालयाचं काम आहे, घरच्या मलमाचं नाही.

आता मोठ्यांसाठी काय घ्यायचं. सेफ्टी बुटांच्या लेबलवर एएसटीएम एफ२४१३ (सेफ्टी बुटांचं अमेरिकन मानक) आणि पुढे 'पीआर' ही अक्षरं बघा. म्हणजे सोलमध्ये खिळा अडवणारी प्लेट आहे आणि ती किमान २७० पाउंड बलाला टिकते. नुसतं 'स्टील टो' लिहिलं असेल तर संरक्षण फक्त बोटांच्या वरच्या बाजूला असतं, तळव्याला नाही. इथे खूप जण फसतात. नवे बूट घ्यायचे नसतील तर खिळा-रोधक इनसोल वेगळे मिळतात. आधीचा इनसोल काढून हे खाली घालायचे आणि वर जुना इनसोल परत ठेवायचा. माप बरोबर हवं: इनसोल टाचेपासून बोटांपर्यंत पूर्ण पोचला नाही तर कडेला उघडी जागा राहते. तो घातल्यावर बूट थोडा घट्ट होतो, म्हणून जाड मोजे घालून आधी घरात चालून बघा. सासूबाईंना कडक बूट झेपणार नसतील तर जाड रबरी सोलचे हायकिंग बूट आणि आत हा इनसोल, हे चांगलं जमतं.

मुलांच्या मापात पीआर बूट सहसा मिळत नाहीत. त्यांना घोट्यापर्यंतचे, जाड सोलचे, पुढून बंद हायकिंग बूट द्या, आणि ढिगाऱ्यातून त्यांना चालवू नका, उचलून न्या. उचलणाऱ्याचे बूट भक्कम हवेत ते त्यासाठी.

---

शर्वरी_नॉर्मन

एवढं सविस्तर उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. जॉर्डनचा मिडसोल दाबून पाहिला, करकर झाली आणि अंगठ्याला पिवळी पूड लागली. तो जोड आता कपाटात, बेकिंगच्या कागदावर. वॉच लागला की घरात बूट, हा नियम आजपासून.

दोन गोष्टी अजून विचारते. शेल्टरमध्ये मुलांच्या मापाचा हिशेब कसा ठेवायचा? आणि बूट तिथे ओलाव्यात ठेवायचेच असतील तर नक्की कशात?

---

अनिकेत_मूर

आधी मापाचं. अमेरिकन मापात एक पूर्ण नंबर म्हणजे पाव इंचाहून थोडा जास्त, नेमका एक तृतीयांश इंच. मुलांचा शेल्टरचा जोड एक नंबर मोठा घ्या आणि सोबत जाड मोजे ठेवा, म्हणजे सीझन निघून जातो. पाच वर्षांच्या मुलासाठी वेल्क्रोच हवा. मुलीलाही वेल्क्रो किंवा ओढून घट्ट होणारी लेस द्या. अंधारात, घाबरलेल्या हातांनी गाठ मारणं मोठ्यांनाही जमत नाही. दरवर्षी मार्चमध्ये एकदा आणि सप्टेंबरमध्ये एकदा पाय मापून बदला. मे महिना सगळ्यात धोक्याचा असला तरी टोर्नेडो इथे कोणत्याही महिन्यात होऊ शकतो. शाळेचा रोजचा जोड लहान झाला की तो शेल्टरमध्ये टाकायचा, हे सगळ्यात जास्त घरांत होतं आणि सगळ्यात चुकीचं आहे. घट्ट बूट मूल घालतच नाही.

ठेवायचं कशात: झाकण खटक्याने बंद होणारी प्लॅस्टिकची पेटी, आत प्रत्येकाची वेगळी मोठी झिप-पिशवी, वर मार्करने नाव. (बूटपेटी यांनी बंद पिशवी नको म्हटलंय ते जपायच्या जुन्या बुटांसाठी. हे कामाचे बूट आहेत आणि दर सहा महिन्यांनी उघडले जाणार आहेत.) पिशवीत जोड, दोन जोडी मोजे, शिट्टी, मोठ्यांसाठी चामड्याचे हातमोजे. पिशवी बंद ठेवण्याचं एक महत्त्वाचं कारण म्हणजे ब्राऊन रिक्लूज कोळी. ओक्लाहोमा, कॅन्सस, मिसूरीत तो सर्रास आढळतो आणि अंधाऱ्या जागी पडून राहिलेला बूट हे त्याचं आवडतं घर. तरीही घालण्याआधी बूट उलटा करून आपटायचा, मुलांनाही ही सवय लावा.

कॅल्शियम क्लोराइडचे ओलावा शोषणारे डबे शेल्टरमध्ये ठेवत असाल तर पेटीपासून लांब आणि सपाट जागी ठेवा. त्यात जमलेलं पाणी सांडलं तर चामडं आणि धातू दोन्ही खराब होतात. टॉर्चचे सेल टॉर्चबाहेर ठेवा. अल्कलाइन सेल गळून टॉर्च निकामी होतो, लिथियमचे जास्त टिकतात.

जागेचा हिशेब: घरगुती टोर्नेडो शेल्टरसाठी माणशी किमान ३ चौरस फूट धरतात. तुमचं २४ चौरस फूट, माणसं सहा, म्हणजे १८ गेले. उरलेल्या सहा फुटांत पेटी, पाणी, रेडिओ आणि पायऱ्या. बुटांच्या एका खोक्याला पाऊण चौरस फूट लागतो, दहा खोकी ठेवली तर दोन माणसांची जागा गेली. जपायचे बूट तिथे ठेवायला तसाही वाव नाही.

पेटीच्या वर सहा हेल्मेट. मुलांची सायकलची, मोठ्यांची कुठलीही व्यवस्थित बसणारी. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राची भूमिका अशी की हेल्मेटने डोक्याला संरक्षण मिळू शकतं, पण ते शेल्टरची जागा घेऊ शकत नाही. तुमच्याकडे शेल्टर आहेच, त्यामुळे दोन्ही वापरा.

झाकणावर ढिगारा पडला तर ते सरकत नाही. आत एक हायड्रॉलिक बॉटल जॅक आणि कटावणी ठेवा, आणि जॅक कुठे टेकवायचा ते आधी करून बघा. शेल्टरची नोंद शहराकडे करा, म्हणजे बचाव पथकाला कुठे खणायचं ते कळतं. गराजचं दार जुनं असेल तर तेही बघून घ्या. दार आत कोसळलं की वारा आत शिरतो आणि छप्पर खालून उचललं जातं. मूरने २०१४ मध्ये नव्या घरांसाठी ताशी १३५ मैल वाऱ्याचा निकष आणला, त्यात गराजच्या दाराचाही समावेश आहे.

शाळेबद्दल विचारलं नाहीत तरी सांगतो. स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटर धोक्याच्या पाच पातळ्या देतं. तिसरी म्हणजे 'एन्हान्स्ड' किंवा त्याच्या वरची असेल त्या दिवशी मुलांना क्रॉक्स-चप्पल घालून शाळेत पाठवू नका. शाळेत सेफ रूम कुठे आहे आणि वॉर्निंग चालू असताना पालकांनी न्यायला यायचं की नाही, हे वर्षाच्या सुरुवातीलाच विचारून घ्या. वॉर्निंगमध्ये गाडी काढून शाळेकडे निघणं सगळ्यात धोक्याचं. वाटेत पुलाखाली आसरा घेणं तर मुळीच नको. ३ मे १९९९ च्या ओक्लाहोमातल्या टोर्नेडोंमध्ये पुलांखाली थांबलेल्यांपैकी तीन जण गेले.

---

नचिकेत_एडमंड

बुटांच्या भावनिक किमतीबद्दल काही बोलत नाही, विम्याचं तेवढं सांगतो. प्रत्येक जोडाचे पाच फोटो काढा: दोन्ही बाजू, सोल, आतलं लेबल, खोक्यावरचं लेबल. फोटो फोनवर नको, क्लाउडवर. पॉलिसीत दोन गोष्टी बघा. एक, घरातल्या सामानाची भरपाई नव्या वस्तूच्या किमतीने आहे की घसारा वजा करून. घसारा धरला तर पस्तीस वर्षांच्या बुटाला जवळजवळ काहीच मिळत नाही. दोन, वारा-गारांचं डिडक्टिबल. ते इथे बहुधा ठराविक रक्कम नसून घराच्या विमा रकमेच्या १-२ टक्के असतं, काही पॉलिसींत त्याहून जास्त. ३ लाख डॉलरच्या घराला २ टक्के म्हणजे ६ हजार डॉलर आधी तुमच्या खिशातून. संग्राह्य वस्तूंसाठी वेगळी नोंद करून घ्यावी लागते, आणि ती मिडसोल गेलेल्या जोडासाठी करण्यात अर्थ नाही.

---

बूटपेटी

एलए गिअरबद्दल लिहायचं राहिलं होतं. दिव्यांचे हे बूट १९९२ मध्ये आले आणि मुलांनी अक्षरशः वेड लावून घेतलं. टाच हलली की दिवा लावणारा स्विच सुरुवातीच्या जोडांत पाऱ्याचा होता. काचेच्या नळीत पाऱ्याचा थेंब, तो हलला की दोन तारा जोडल्या जातात. मिनेसोटा राज्याने १९९४ मध्ये यावर कारवाई केली आणि कंपनीला तिथले बूट परत घेण्याची व्यवस्था करावी लागली. नंतरच्या जोडांत पारा नाही, पण बाहेरून बघून दोन्हीतला फरक ओळखता येत नाही. म्हणून या काळातल्या जोडात पारा आहे असंच धरून चाला.

टाच शाबूत असेल तर धोका नाही. वाळवायला हीटरजवळ ठेवू नका, टाच कापून दिवा बघू नका, मुलीला घालून नाचू देऊ नका. ठेवायचा असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात, वर 'पारा असू शकतो' अशी चिठ्ठी, मुलांचा हात पोचणार नाही अशा कपाटात. शेल्टरमध्ये तर अजिबातच नाही, एवढ्याशा बंद जागेत नळी फुटली तर सगळ्यांना ती वाफ घ्यावी लागेल. काढून टाकायचा ठरवलात तर कचऱ्याच्या डब्यात न टाकता शहराच्या घरगुती घातक कचऱ्याच्या संकलनात द्या, तिथे सांगताना 'पाऱ्याचा स्विच' हे शब्द वापरा.

नणंदेला एकदा विचारून घ्या. देऊन टाकायचं ठरलं तर वरच्या लेस आणि जिभेवरचं लेबल टाचेला हात न लावता काढता येतं: लेबलाची शिलाई बारीक सीम-रिपरने बाहेरच्या बाजूने उसवायची, ओढायचं नाही. लेस कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत सपाट वाळवा. टोकाचं प्लॅस्टिक सुटलं असेल तर त्यावर श्रिंक ट्यूबचा तुकडा चढतो, आणि ती लेस मुलीच्या नव्या बुटात ओवता येते. फक्त रोजच्या बुटात, शेल्टरच्या नाही. तीस वर्षांची लेस जोर लावला की तुटते.